न दाबलेलं बटण

"तिसऱ्या खोलीत उगाच थांबते ती."

मी दचकले. हातातला पेचकस सुटला आणि टेबलाखाली घरंगळत गेला. आमच्या दुकानाचं दार उघडताना कुरकुरतं, तेही मला ऐकू आलं नव्हतं. बाहेर असं दाट धुकं होतं की त्यातलं थोडं त्याच्या मागोमाग आत आलं होतं. त्या पांढुरक्या उजेडात तो उभा होता. खांद्याला हत्यारांची बॅग, बोटांना वंगण... आणि नजर माझ्याकडे नाही, काचेतल्या जुन्या टीव्हीकडे.

"कोण थांबते?" मी विचारलं.

"ती कंदीलवाली. शिडीपाशी. एक फ्रेम वाया घालवते."

आता सांगायला हवं. आमचं दुकान जुन्या विजेच्या वस्तूंचं. काका विकतात, मी दुरुस्त करते. दर्शनी काचेत मी एक जुना घरगुती कॉम्प्युटर मांडून ठेवला होता, टीव्हीला जोडायचा, ज्याचा कीबोर्ड हाच सगळा कॉम्प्युटर असतो तसला. त्यावर 'अंधारखाण' नावाचा खेळ दिवसभर चालायचा. अंधाऱ्या खोल्या, शिड्या, तुटके पूल, खाली जाणाऱ्या लिफ्ट आणि त्यातून धावत सुटलेली एक चिमुकली कंदीलवाली. खेळणारं मात्र कोणी नाही. कीबोर्डवरचं एकही बटण हलायचं नाही, आणि ती मात्र अचूक उड्या मारत खाली खाली जायची. फुटपाथवरची माणसं थबकायची, मग जरा लांबून जायची. शेजारच्या शिंपीणमावशींनी तर काचेकडे बघायचंच सोडलं होतं. "त्या डब्यात कोण बसलंय ते एकदा बघून घे गं बाई," असं त्या मला बजावायच्या.

कोणी बसलेलं नव्हतं. ते खेळणं माझंच होतं, फक्त बसल्या बैठकीला खेळलेलं नव्हतं. सेकंदाचे पन्नास तुकडे करायचे. एकेका तुकड्याला, म्हणजे फ्रेमला, कोणतं बटण दाबायचं ते ठरवायचं. फसलं की मागे जायचं, उसवायचं, पुन्हा घालायचं. माणसाच्या बोटांना सात जन्मांत जमणार नाही असा खेळ तयार होतो. मग ती फाइल एका डबीत भरायची आणि डबी कीबोर्डच्या तारांना जोडायची. डबी मशीनला सांगत राहते, आता हे दाबलंय, आता ते. लोक याला फसवणूक म्हणतात. मी शिवणकाम म्हणते.

आणि या माणसाने काचेबाहेरून, धुक्यातून, माझा एक टाका चुकलेला पकडला होता!

"तुम्ही कोण म्हणायचे?" मी जरा तोऱ्यातच विचारलं.

"कोपऱ्यावरच्या उंच इमारतीतल्या लिफ्ट बघतो. तुम्ही?"

"मी चुका करते. शिडीपाशी."

तो हसला. हसताना त्याचा एकच गाल हसत होता, दुसरा विचार करत होता. "हा खेळ दोघांचा आहे ना? दुसरा गडी कुठाय तुमचा? कुदळवाला?"

"मिळाला नाही कोणी."

"शोधला होता?"

"दुकान सोडून कुठे शोधू?"

"मग बरं झालं, तोच आला..." तो म्हणाला, आणि टेबलाखाली वाकून माझा पेचकस काढून दिला.

*

दोघांचा खेळ वेगळा असतो. एकट्याने खेळलं तर लिफ्ट एकट्यालाही खाली नेते. दोघं असले की दोघं येऊन उभे राहिल्याशिवाय ती हलत नाही. दोघांच्या खेळाचा विक्रम परक्या मुलखातल्या कुणा दोघांच्या नावावर होता. तो मोडायचा असं आम्ही ठरवलं. कुदळवाला त्याचा, कंदीलवाली माझी. तो रात्री घरी आपली बाजू शिवून आणायचा, मी दुकानात माझी. दुपारी जेवणाच्या सुट्टीत तो यायचा आणि दोन्ही फाइली जोडून आम्ही त्या जुन्या मशीनवर लावायचो.

असे खेळ शिवणाऱ्या आमच्या लोकांत एक रीत आहे. लिफ्ट येईपर्यंत थांबणं भाग असतं, तेव्हा गड्याला नुसतं उभं करत नाहीत. काहीतरी गंमत करायला लावतात. वेळ तर वाया जाणारच, मग निदान नाचून जावा. मी कंदीलवालीला लिफ्टपाशी खाली बसवलं, दमल्यासारखं. त्याने काय केलं असेल?

"डावं आणि उजवं बटण एकदम दाबलं," तो म्हणाला. "खरा माणूस असं कधी दाबत नाही. मग गड्याला कळत नाही कुठे जावं. जागच्या जागी थरथरतो."

"थंडी वाजल्यासारखा?"

"किंवा... शेजारी कोणी बसलं असलं की होतं तसा."

मी फाइल जोडायच्या कामात फार गुंतल्याचं सोंग केलं.

मग आम्ही लावलं. पडद्यावर अंधार. पहिली लिफ्ट. तो डावीकडे थरथरत उभा, ती उजवीकडे त्याच्याकडे पाठ करून बसलेली. आणि बसल्या बसल्या... ती वळली. तिच्या कंदिलाचा पिवळा झोत फिरला आणि त्याच्या तोंडावर पडला. तोंड म्हणजे काय, दोन ठिपके. ते दोन ठिपके उजेडात चमकले, ती क्षणभर बघत राहिली, आणि पुन्हा पाठ करून बसली. मग लिफ्ट आली.

मी तिला वळवलं नव्हतं.

माझ्या कानशिलांत गरम झालं. याने माझ्या बाजूत हात घातला! न विचारता! रागवायला हवं होतं मला. राग काही येईना.

"छान आहे हं हे," तो हळूच म्हणाला.

"हो ना," मी म्हटलं. मला वाटलं, स्वतःचीच पाठ थोपटतोय.

*

तो गेल्यावर मी फाइल उघडली. माझ्या बाजूत त्या जागी एकच बटण होतं, बसायचं. वळायचं नव्हतं. त्याच्या बाजूत फक्त त्याची थरथर. मी पुन्हा लावून बघितलं. ती वळली. पुन्हा फाइल बघितली. तिथे काहीच नाही.

मग मी नुसती माझी बाजू लावली. कुदळवाला वरच, सुरुवातीच्या जागी उभा राहिला. कंदीलवाली धावत खाली आली, लिफ्टपाशी बसली. दुसरा गडी नाही म्हणून लिफ्ट काही येईना. फाइल आपली पुढे सरकतच होती. कंदीलवाली उठली, भिंतीवर धडकली, पुन्हा धडकली, धडकत राहिली. पण वळून मात्र बघितलं नाही तिने. बाहेर चार वाजताच दिवेलागणीसारखं झालं होतं आणि टीव्हीच्या निळसर उजेडात माझे स्वतःचेच हात मला परके वाटत होते. मी घाईघाईने मशीन बंद केलं.

एकटी असताना वळत नाही, त्याच्याबरोबर असताना वळते. म्हणजे करणारा तोच. कसं करतो आणि कुठे लपवतो, ते त्याचं त्याला माहीत. तसाही हुन्नरी माणूस. मला त्याची युक्ती शोधायची नव्हतीच. विचारलं असतं तर त्याने ते बंद केलं असतं.

मी विचारलं नाही. पुढच्या खोल्यांतही ती वळायला लागली. प्रत्येक वेळी नाही. मी तिला बसवलं आणि त्याने थरथर घातली, अशाच जागी. दुपार झाली की मी केस नीट करायला लागले. काका वर्तमानपत्रामागून खाकरायचे. "चिमणे, आज कुणाचं लग्न आहे?"

"मशीनचं," मी म्हणायचे.

पण खरं सांगू? भीतीही वाटायची. एका दुपारी तो आला नव्हता आणि मी दोघांची फाइल लावून ठेवली होती. गिऱ्हाईक गेलं, दुकान शांत झालं. मी सहज काचेकडे बघितलं. धुक्याने काच पांढरी झालेली, आणि तिच्यापुढे तो छोटा अंधार. त्यात कुदळवाला थरथरत उभा होता. ती वळली. कुणाचंही बोट नाही, फाइलीत एक अक्षर नाही, आणि तरी ती आपण होऊन वळली आणि त्याला बघत राहिली. माझ्या अंगावर सरसरून काटा आला. जे मला करायचं होतं तेच ती करत होती. आणि मी तर कुणालाच सांगितलं नव्हतं मला काय करायचंय ते.

*

"कंपनी मला पाठवतेय," तो एका दुपारी म्हणाला. "बंदराच्या शहरात. तिथे नवे मनोरे उभे राहतायत. तीन-चार वर्षांचं काम आहे."

माझा हात थांबला. "जाणार?"

"आठवडाभरात कळवायचंय. जावं का मी?"

"मला काय विचारतोस?"

"मग कुणाला विचारू?" त्याने टीव्हीकडे बोट दाखवलं. "ती रोज वळून बघते. वळून बघणाऱ्याला सोडून जायचं नसतं... असं मला वाटतं."

काय धीट माणूस, मी मनात म्हटलं. स्वतःच वळवतो आणि वर मलाच सांगतो! पण आतून मी अशी फुलले होते की काकांनी चुकीची वायर मागितली तरी हसत दिली.

"मी नाही म्हणून कळवणार," तो दारातून म्हणाला.

आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी सगळं उलटं झालं.

एका बाईंनी तसाच जुना कॉम्प्युटर दुरुस्तीला आणला होता. कीबोर्ड पुसून मी बटणं तपासत होते. डाव्या हाताने दोन बटणं दाबून धरली, उजव्या हाताने तिसरं. पडद्यावर चार अक्षरं उमटली.

मला माहीत होतं हे. कीबोर्ड उघडणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं. बटणांखाली आडव्याउभ्या तारांची जाळी असते. ठरावीक तीन बटणं एकदम दाबली, बोटाने काय किंवा त्याच तारांना जोडलेल्या डबीने काय, की वीज आडवाटेने फिरते आणि मशीनला वाटतं, चौथंही दाबलंय. आमच्या धंद्यात त्याला भुताचं बटण म्हणतात. खेळात मात्र ते कधी दिसत नाही, कारण डावं आणि उजवं एकदम कोण शहाणा दाबतो?

आमच्याशिवाय कोण!

त्याची दोन बटणं आणि माझं एक, बसायचं. चौथं आपोआप उमटलेलं, माझं डावं. बसलेल्या बाईला डावं बटण दिलं की ती डावीकडे वळून बघते, सुटलं की परत फिरते. त्याच्याकडे. तो घरी आजच्या कॉम्प्युटरवर चालणाऱ्या ज्या नकली मशीनवर काम करायचा त्यात तारांची जाळीच नव्हती, म्हणून त्याच्या घरी ती कधी वळली नसणार. दुकानातच वळायची. म्हणजे त्याला वाटत होतं...

मी तिथेच स्टुलावर बसले. त्याने काही केलं नव्हतं. मीही नव्हतं. इतके दिवस ज्याच्यावर मी जगत होते ते कुणीच केलेलं नव्हतं. आणि तो तेवढ्यासाठी बंदराच्या शहरातलं काम सोडायला निघाला होता.

गप्प बसता आलं असतं. कुणाला कळलं असतं? पण उद्या तो इथेच राहिला असता, आणि प्रत्येक वेळी माझ्याकडे बघताना त्याला वाटलं असतं की हिनेच ते केलं होतं. चोरीचं लुगडं नेसून मिरवायचं किती दिवस?

*

दुपारी मी त्याला दाखवलं. तीन बटणं, चार अक्षरं.  त्याने स्वतः दाबून बघितलं. दोनदा.

"म्हणजे... तू नाही वळवलंस तिला."

"मला वाटलं, तू."

"मला वाटलं, तू," तो म्हणाला, आणि हसला. या वेळी एकही गाल हसला नाही. "कमाल आहे. लिफ्टमधून आवाज येतात म्हणून घाबरणाऱ्या लोकांना मी रोज समजावतो, बाबांनो, तार आहे, तार. आणि स्वतः मात्र..."

बोल, मी स्वतःला म्हटलं. आता बोल! एरवी कुठल्याही गिऱ्हाईकाची दोन वाक्यांत वाट लावणारी माझी जीभ टाळूला चिकटून बसली होती.

"कळवलंस का... नाही म्हणून?"

"नाही अजून. बरं झालं वेळेवर सांगितलंस." त्याने आपली फाइल उघडली आणि लिफ्टपाशी लिहिलेली थरथर एकेक करून पुसली. "हे काढायलाच हवं. नाहीतर हा खेळ आपला म्हणता येणार नाही. शनिवारी शेवटचा जोडून बघू. रविवारची गाडी मिळेल मला."

दार कुरकुरलं, आणि तो धुक्यात दोन पावलांतच दिसेनासा झाला.

काकांनी वर्तमानपत्राची घडी केली. सगळं ऐकलं होतं त्यांनी. "तोंड कशाला पाडून बसलीस?"

"भूत निघालं ते, काका."

"बरं. भुताने जे केलं, ते तुला करायचं होतं की नव्हतं?"

मी मान खाली घातली. "होतं."

"मग भूत गेलं म्हणून रडतेस? तुझे हात मोडलेत का?"

*

शनिवारी धुकं काचेला टेकून उभं होतं. काचेबाहेर दोन-चार माणसंही होती, नुसते पांढुरके आकार. शेवटचा जोड पडद्यावर नीट दिसावा म्हणून काकांनी आत दिवा लावला नाही. तो आला, बॅग खाली ठेवली, माझ्या शेजारच्या स्टुलावर बसला. आमच्यामध्ये वीतभर अंतर होतं. रोज असायचं त्यापेक्षा जास्त.

मी डबी जोडली आणि मशीन चालू केलं.

आमची आघाडी एका फ्रेमची होती. इतके दिवस शिवून शिवून आम्ही त्या परक्या जोडीच्या पुढे एका फ्रेमने गेलो होतो, पापणी लवण्याइतकंही नाही. पण विक्रम तो विक्रम.

दोघं धावत सुटले. शिड्या, पूल, उड्या. पहिली लिफ्ट आली. कुदळवाला स्तब्ध उभा, ती पाठ करून बसलेली. वळली नाही. दुसऱ्या लिफ्टलाही नाही. तिसऱ्याही नाही. तो पडद्याकडे बघत होता आणि मी त्याच्या हातांकडे. हात मांडीवर घट्ट धरले होते.

शेवटची खोली. इथे वाट बघायची नसते, लिफ्ट नसतेच मुळी. नुसतं धावायचं, समोर दार. कुदळवाला पुढे, पण उडी चुकवायला तो डावीकडून वळसा घेतो, म्हणून दारापाशी ती उजवीकडे असते. ती धावत होती... धावत होती... आणि दाराच्या तोंडाशी थांबली. वळली. पिवळा झोत अंधारातून फिरला आणि त्याच्या त्या दोन ठिपक्यांवर पडला.

मग ती पुन्हा फिरली आणि दोघं दारातून गेले. पडद्यावर वेळ उमटली.

तो ताडकन उठला. "परत? पण मी तर थरथर काढली होती! सगळी काढली होती..." तो पडद्याकडे वाकला. "हे कसं झालं?"

"फाइल उघड," मी म्हटलं.

त्याने उघडली. शेवटच्या खोलीपर्यंत गेला. माझ्या बाजूत, दारापाशी, डावं बटण लिहिलेलं होतं. स्पष्ट. त्याने त्यावर बोट ठेवलं.

"हे तू..."

"मी."

"एक फ्रेम वळायला. एक परत फिरायला." तो हळूहळू म्हणाला. "विक्रम गेला. एका फ्रेमने गेला."

"मोजता येतं मला."

"का केलंस?"

 जीभ सुटली एकदाची.

"लिफ्टची वाट बघताना वळणं फुकट असतं. तिथे भूतसुद्धा वळतं. मला असं वळायचं होतं की काहीतरी जाईल माझं." मी एका दमात म्हणून टाकलं. "मला तू आवडतोस. पहिल्या दिवशी चूक काढलीस तेव्हापासून. जाऊ नकोस. आणि जायचंच असलं तर हे ऐकून जा."

बाहेरचे आकार काचेपाशी आणखी सरकले असावेत. मागे काकांचं वर्तमानपत्र उलटं होतं.

 त्याने खिशातून फोन काढला आणि माझ्यापुढे धरला. त्यावर कंपनीला लिहिलेला होकार होता. लिहिलेला, पण पाठवलेला नव्हता.

"लिहिलाय तसाच रोज बघतोय," तो म्हणाला. "अंगठा पुढे जाईना. मला वाटलं, याही बटणाला भूतच धरून बसलंय."

त्याने तो मजकूर पुसला. मग स्टूल पुढे ओढून बसला, या वेळी वीतभर अंतर न ठेवता, आणि फाइलीत त्याच्या बाजूला गेला. जिथे माझी कंदीलवाली वळत होती, तिथे त्याचा कुदळवाला दाराकडे तोंड करून पुढे निघालेला होता. त्याने तिथे उजवं बटण लिहिलं. आणि त्यापुढचं सगळं, त्याचंही आणि माझंही, पुसून टाकलं.

"अरे! पुढचं कशाला काढलंस?"

"लाव तर."

मी लावलं. ती वळली. तोही वळला. फाइल तिथेच संपली. आता डबी काही सांगत नव्हती, कुणाचंच बटण दाबलेलं नव्हतं, आणि त्या अंधाऱ्या खोलीत दोघं समोरासमोर उभे होते. तिच्या कंदिलाचा उजेड त्याच्यावर होता आणि खालून त्या जुन्या मशीनची बारीक घरघर येत होती.

"आता हे दोघं दारातून जाणारच नाहीत," मी म्हटलं.

"नाहीत," तो म्हणाला, आणि वंगणाच्या बोटांनी माझा हात धरला.

"दार उघडं आहे त्यांच्या मागे."

"असू दे की."